कीड न लागलेली पानं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचे! दोन ट्रंका, पानं दाबायच्या लाकडी फळ्या, रद्दीचे तीन गठ्ठे, भिंग आणि बाबा. टेम्पोवाल्याने सगळ्यांत शेवटी बाबांना हात देऊन उतरवलं आणि सामान नीट मोजून घ्या म्हणाला. बाबाही हसले. घर लहानसंच आहे. दोन खोल्या, मागे ओटा आणि ओट्याला लागूनच जंगल. खिडकीची खोली बाबांना दिली.

काम माझ्या आवडीचं आहे. जंगलाच्या या तुकड्यात साठ झाडांवर पत्र्याचे नंबर ठोकलेत. प्रत्येकाचं पान आणायचं, दाबून वाळवायचं आणि पानावरून झाड कसं ओळखावं ते लिहायचं. त्याची पुस्तिका निघणार आहे. बावीस वर्षं शाळेत फळ्यावर खडूने पानं काढली, आता खरी हाताळायला मिळतील.

मी कोण, हे बाबांना गेलं वर्षभर ठाऊक नाही. मला 'अहो बाई' म्हणतात आणि चहा दिला की मनापासून आभार मानतात. सख्ख्या बापाने आभार मानले की कुठे लागतं ते ज्याचं त्यालाच कळतं. डॉक्टर म्हणाले, आता खालावतच जाणार. म्हणूनच ही नोकरी धरली. काम दारातलं, त्यांच्यावर लक्षही राहील.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सोळा झाडं झाली. माझी पद्धत ठरलेली आहे. पानं फांदीवर समोरासमोर की एकाआड एक, ते आधी बघायचं. मग कड, शिरा, मागची लव. मग देठ मोडून चीक येतो का ते, आणि शेवटी चुरगाळून वास. एवढं विचारलं की बहुतेक झाडं मुकाट्याने नाव सांगतात.

सतरा नंबरने मात्र डोकं खाल्लं. रुंद, खरखरीत पान, म्हणजे जंगली अंजीर, यात शंकाच नको. पण देठ मोडला तर चिकाचा थेंब नाही. आणि एकाही पानाला कीड नाही! जंगलात धड पान शोधून सापडत नाही. कुठे अळीने खिडकी पाडलेली असते, कुठे बुरशीचे ठिपके. इथे सगळी पानं इस्त्री करून टांगल्यासारखी.

वनरक्षकाला विचारलं. तो विडी विझवत म्हणाला की ही पानं अंजिराची नाहीतच, वेलीची आहेत. ज्यावर चढते त्याचंच पान धरते म्हणे. मग झाड कुठे आहे विचारलं, तर म्हणाला आत असतं. तिच्या वाटेला जाऊ नका एवढं बजावून गेला.

त्याचं ऐकेन तर ती मी कसली! एक फांदी कापून आणली आणि पेल्यात पाणी घालून बाबांच्या खिडकीत ठेवली. तिथे शेजारी दुसरं झाड नाही. बघू या, कुणाची नक्कल करते.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांना वेल भारी आवडली. दिवसभर पेला मांडीवर घेऊन बसतात, तसेच पेंगतात. टोकाला नवा कोंब आलाय. एरवी त्यांचं मन कशात रमत नाही, म्हणून मीही पेला काढून घेतला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नवं पान उघडलं. हिरवं नाही. गव्हाळ, मऊ, वर बारीक सुरकुत्या, मागे विरळ पांढरी लव. देठाजवळ तपकिरी तीळ. हा तीळ कुठे पाहिलाय ते आठवेना.

दुपारी औषध देताना दिसला, बाबांच्या मनगटावर.

पेला ओट्यावर नेऊन ठेवला. स्वतःलाच हसले, पण हात तीनदा धुतले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पेला पुन्हा खिडकीत, रिकामा. बाबांना विचारलं की वेल कुठे गेली. म्हणाले, मला काय विचारतेस, तूच आणलीस ना.

विचारतेस म्हणाले. अहो बाई नाही. मोरीत नळ सोडून पोटभर रडले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाबांना सगळं आठवतंय. मला सायकल शिकवताना नाल्यात पाडलं ते, आई चार दिवस बोलली नाही तेही. काठी कोपऱ्यात पडून आहे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालंय. मी आनंदात आहे. खरंच आहे.

फक्त जेवत नाहीत. बादलीत पाय बुडवून उन्हात बसतात. संध्याकाळपर्यंत बादली अर्धी होते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

माझे हात डासांनी फोडून काढलेत. बाबा शेजारीच बसतात, उघड्या हातांनी. डास त्यांच्यापर्यंत जातो आणि वळतो.

त्यांचा हात उजेडात धरून पाहिला. भाजल्याचा जुना डाग नाही. नखातली भेग नाही. तीळ तेवढा आहे. बाकी सगळं धड, कोरं.

झाड कसं ओळखायचं ते मला येतं. हे मी ओळखलंय. कुणाला सांगू —

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कातर घेऊन सतरा नंबरकडे गेले. वेल बुंध्याशी तोडली, ओढली. आत झाड होतं, पान नाही, साल नाही. बोट लावलं तर भुसा. मग सगळंच खाली बसलं, फारसा आवाजही न करता.

वनरक्षक चिडला. वेल चढल्यावर झाड मरायला किती दिवस, विचारलं. आठ-दहा, म्हणाला. त्याआधी तोडली तर एखादं वाचतं. पण बोडकंच राहतं, पुन्हा पालवी नाही.

बाबांनी पेला मांडीवर घेतला तेव्हापासून दिवस मोजले. नऊ.

बुधवार, १९ नोव्हेंबर

त्याला आता बाबा म्हणवत नाही. त्याच्या कानामागे हिरवा दोरा आहे. कॉलरच्या आत जातो.

छातीला कान लावला. ठोका आहे! खूप आत. मंद. बाबा आहेत. अजून आहेत.

कातर घेतली. दोऱ्याला लावली. तो हलला नाही. शांतपणे म्हणाला, आत जो आहे त्याला तू कोण तेही ठाऊक नाही. तोडलीस तर तोच मिळेल, आभार मानणारा. मग लहानपणी बाबा मारायचे तशी हाक मारली —

कातर दाबायची होती. एवढंच करायचं होतं.

उद्या. उद्या नक्की.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ठोका नाही. दोन्ही बाजूंनी ऐकलं. नाही.

मी मारलं. बाबांना मी — एका हाकेसाठी —

रडले तर त्यानेच डोळे पुसले. अंगठ्याने, बाबा पुसायचे तसेच.

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा त्याने धरलाय. उबदार आहे हात. मनगटापाशी काहीतरी बारीक, ओलसर. दुखत नाही. हेच वाईट, की दुखत नाही —

म्हणतोय, एकटी कशाला राहतेस.

कातर जवळच आहे. हात पुरतो. मी सोडवते. एवढं वाक्य झालं की वही ठेवते आणि सोडव