थाळ्यांचा मांडव आणि बाकीची इस्टेट

मी, भागीरथा, कालकथित देवमन तेलगोटे यांची विधवा, वय वर्षे अठ्ठावन्न, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी शाळेत शिक्षिका व हल्ली घरातल्यांना सूचना करणे, राहणार अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. जबड्याचा डावा भाग तेवढा ठिकाणावर नाही. गालाचा कॅन्सर झाला तेव्हा, सन १९५८ साली, तो मुंबईच्या दवाखान्यात काढून घेतला. तेव्हापासून माझे बोलणे नवख्याला समजत नाही. म्हणून मी पाटीवर लिहून बोलते, आणि काही लोकांना ते बोलण्याहून जास्त लागते. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्या मागे अशी व्हावी :

१. राहते घर, दोन खोल्या व पुढचे अंगण, माझा मुलगा धर्मपाल यास. तो पोस्टात कारकून आहे आणि सरळ आहे. वकीलसाहेबांचा सल्ला असा पडला की, अंगणातला मांडव जोवर उभा ठेवील तोवरच घर त्याचे, अशी अट घालावी. मी ती घातलेली नाही. धर्मपालला मांडव नको आहे हे सर्वांना माहीत आहे आणि त्याचे कारण खोटे नाही.

२. आता हा मांडव म्हणजे काय ते लिहिते, कारण वकीलसाहेबांनी त्याला 'जुनी भांडी, किरकोळ' असे म्हटले होते. मी मुंबईहून आले तेव्हा हा रोग शिवल्याने लागतो असे सगळे धरून चालले होते. माझी थोरली जाऊ पंचफुलाबाई हिने माझ्यासाठी एक जर्मनची थाळी वेगळी काढली आणि घरातल्या भांड्यांत ती मिसळू नये म्हणून काठाला खिळ्याने भोक पाडून खूण केली. वेगळे भांडे आमच्या समाजाला नवे नव्हते. पण ते आपल्याच घरात, आपल्याच जावेच्या हातून मिळाले, याचे मला फार वाईट वाटले. दवाखान्यात किरणांचा शेक घेताना रडले नव्हते ती त्या दिवशी रडले. माझे यजमान मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याच थाळीत जेवले. पातळ भात माझ्यासाठी आणि भाकर त्यांच्यासाठी, एकाच थाळीत.

बरी झाल्यावर मी ती थाळी मोडीत दिली नाही. भोक होतेच, त्यात तार घालून अंगणात चार बांबू रोवले आणि टांगली. येणारेजाणारे विचारीत, मी पाटीवर लिहून सांगे. मग दर्यापूरकडचे खुशालराव गावंडे एसटीने आले. त्यांना घशाचा झाला होता, आणि त्यातून उठल्यावरही सुना त्यांना गोठ्यात वाढीत. पिशवीतून त्यांनी आपली थाळी काढली. आमच्या माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्याले आणि म्हणाले, "बाई, असं जेवनं तुमाले लहानपनापासून मालूम असन. मले साठीत समजलं." मी लिहिले, "आता सोबत जेवू." जेवलो. नंतर पातूरहून थाळ्या आल्या, बार्शीटाकळीहून आल्या, अमरावतीहून तर एका मास्तरांनी पितळी थाळी पाठवली. प्रत्येक थाळीशेजारी एकेक वाटी टांगलेली आहे. ज्या माणसाने त्या दिवसांत सोबत सोडली नाही त्याचे नाव देवीदास कासाराने बारीक छिन्नीने ठोकून तिच्यावर घातले आहे. कोणाची बायको, कोणाचा भाऊ, एकाची तर नुसती शेजारीण. दुपारी ऊन आले की भिंतीभर गोल कवडसे हलतात. मला ते बघत बसायला आवडते. दर बुद्धपौर्णिमेला सगळ्या थाळ्या उतरवून, घासून, मिसळून टाकतो आणि कढी-गोळ्यांची पंगत बसते. गोळे मऊ करावे लागतात, कारण निम्म्या पाहुण्यांना चावता येत नाही. कोणाच्या पुढ्यात कोणाची थाळी आली हे कोणी बघत नाही.

३. पंचफुलाबाईस माझी नऊवारी, हिरवी. मी तिला माफ केले असे कोणी सांगत फिरू नये. मी फक्त भांडण बंद केले आहे. त्या पंगतीला कांदे चिरायला सगळ्यांत आधी तीच येते, हेही नमूद करते.

४. माझ्या शाळेच्या हेडमास्तरीण गोदाबाई यांनी मी परत कामावर गेल्यावर माझा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवला होता, आणि मुली घाबरतील म्हणून मला नकाशांच्या खोलीत बसवले. मुली घाबरल्या नाहीत. त्या खोलीतच चित्रे काढायला येऊ लागल्या. तो कप मी निवृत्त होताना घरी आणला. तो गोदाबाईंना पोचता करावा. चांगला आहे, कान शाबूत आहे, त्यांच्या वापरात यावा.

५. शिवणयंत्र सून रुख्मिणी हिला. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते नात शालू हिच्या शिक्षणास, लग्नास नव्हे. हिच्यावरून घरात जे झाले ते लिहिल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही. गेल्या महिन्यात दर्यापूरचे पाहुणे तिला बघायला आले. धर्मपालने सकाळीच मांडवावर सतरंजी टाकली होती. वारा सुटला आणि सतरंजीखाली थाळ्या वाजायला लागल्या. पाहुण्यांनी विचारले, "काय वाजून राह्यलं?" शालूने सांगितले, "क्यान्सरातून उठलेल्या लोकायच्या थाळ्या हायेत." पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. तिसऱ्या दिवशी धर्मपाल म्हणाला, "आई, लोकं म्हनतात, या घरानं रोग टांगून ठेवला. माह्या पोरीचं काय करू मी?" त्यावर शालू म्हणाली, "ज्यायची थाळ्यायनं भूक मेली, त्यायच्या घरी मी काहून जाऊ?" पण बापाची रात्रीची झोप पोरीच्या अशा उत्तराने परत येत नाही, हे मला कळते.

६. म्हणून मांडव ठेवायचा की उतरवायचा हे माझ्यामागे धर्मपालने ठरवावे. उतरवला तर कोणी त्याला बोल लावू नये, मी तर मुळीच लावणार नाही. थाळ्या मात्र विकू नयेत. ज्याची त्याच्या घरी स्वतः नेऊन द्यावी आणि तिथे पाणी पिऊन यावे. जबरदस्तीने उभा ठेवलेला मांडव मला नको. आणि धर्मपाल, एक तुला. मी मुंबईहून आले त्या उन्हाळ्यात, एका पोरीचा बाप असूनही, माझी थाळी घासायला तू न्यायचास. पंचफुलाबाई ओरडायची, राखेनं घास, दोनदा घास. तू घासायचास आणि त्याच थाळीत भाकर घेऊन चुलीच्या आड जेवायचास. तुला वाटे कोणी बघत नाही. मी खाटेवरून बघत असे, आणि त्या दिवसांत मला जगावेसे वाटले ते त्यामुळे. माझ्या थाळीशेजारी दोन वाट्या आहेत. एक तुझ्या बाबांची. दुसरीवरचे नाव तू कधी वाचले नाहीस, कारण तू मांडवाखाली उभाच राहत नाहीस.

खाडाखोडीबाबत खुलासा : सह्यांपूर्वी हे मृत्युपत्र घरात वाचले गेले. शालूने वाचले. सहावे कलम संपले तसा धर्मपाल उठून अंगणात गेला. वारा नव्हता, तरी थाळ्या बराच वेळ वाजत होत्या. आत येऊन तो म्हणाला, "आई, सावं कलम खोड."

मी पाटीवर लिहिले, का?

"ते ठरवाचा हक्क मले नको. आता पोरीले पाहाले जे येतीन, त्यायले मी मांडवाखालीच बसवतो. पोहेबी त्याच थाळ्यायत देतो."

सबब कलम सहावे मी राजीखुशीने खोडले आहे. एकाच रेघेने खोडले आहे. खालचे वाचता येते, ते तसेच राहू द्यावे.

सही : भागीरथा देवमन तेलगोटे

साक्षीदार :
(१) खुशालराव पुंजाराम गावंडे, तालुका दर्यापूर. बाईंनी सही माझ्यासमोर केली व कलम सहा माझ्यासमोर खोडले.
(२) देवीदास कासार, अकोला. वरीलप्रमाणे.

मुक्काम अकोला, तारीख २ एप्रिल १९६७