रूपाच्या फ्रॉकची गुंडी

सणसर, सोमवार, १९९६. संध्याकाळ.

पुतणी रूपा पाच वर्षांची झाली तरी नीट बोलत नाही, म्हणून आज तिला बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी जीभ पाहिली आणि मग म्हणाल्या, फ्रॉकची गुंडी लाव. मला वाटले, आलो बोलण्याच्या तक्रारीसाठी, गुंडी कशाला? रूपाला ती लावता येईना. बाई म्हणाल्या, तिला सगळे कळते, हट्टी नाही. जिभेला आणि बोटांना हालचाली एकामागून एक जुळवणे जड जाते. सरावाने सुधारेल. मात्र बोलायची जबरदस्ती केलीत तर आहे तेही बोलणे बंद होईल.

घरी आलो तर माझे वडील, आबा, रोजच्यासारखे गुळाचा खडा वर धरून बसलेले. "गूळ म्हण, मग देतो."

"ऊ," रूपा म्हणाली.

"न्हाय. नीट म्हण."

ती गप्प झाली. मला राहवले नाही.

"आबा, मेंढरं होती तवा अंधारात कुठलं वरडलं ते तुमी सांगायचा. नातीचा आवाज वळखंना व्हय?"

"लई शाणा झालास बारामतीला जाऊन!" पण हात खाली आला.

"ऊ," ती हळूच म्हणाली.

"व्हय, गूळ," म्हणत आबांनी खडा तिच्या हातावर ठेवला.

मी जास्त बोललो का? उद्या ते पुन्हा खडा वर धरतील का?

आता ती उंबऱ्यावर बसून त्या गुंडीशी झटते आहे. तिची आई, म्हणजे वहिनी, लावून द्यायला उठली, तर आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, लावंल ती."

अजून लागलेली नाही. सगळे बसून आहोत.