रामीबाईंच्या खळ्यावरील रग्बी क्रीडांगण नामंजूर होणेबाबत

काळीपाटी तांडा, ता. दारव्हा
दि. ११ डिसेंबर १९६१

प्रति,
मा. अध्यक्ष,
ग्रामीण क्रीडांगण समिती, दारव्हा, जि. यवतमाळ

विषय : मिळालेली मंजुरी न मिळाल्याप्रमाणे गणणेबाबत.
संदर्भ : आमचाच उन्हाळ्यातील अर्ज, जो आम्ही केला नव्हता.

महोदय,

आमच्या रग्बी मंडळास हक्काचे क्रीडांगण मंजूर झाले, कुंपण पडले, फलक लागला, आपल्या हस्ते नारळही फुटला. यांपैकी काहीही घडलेले नाही असे गृहीत धरून पुढील मजकूर वाचावा.

१. क्रीडांगणाचा इतिहास असा. विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून आमच्या देवसिंगने खोगीर घेतले, त्यावर पपईसारखा लांबट चेंडू फुकट मिळाला. घोडा देवसिंगकडे आजही नाही. खेळाचे नियम साहेबासोबत गेले. चेंडू छातीशी धरून पळायचे व बाकीच्यांनी पाडायचे, एवढेच कळले. पडण्याजोगी जागा तांड्यात एकच : रामीबाई चव्हाण यांचे ज्वारीचे खळे. खडा नाही, काटा नाही, शेणाने सारवलेले. खळ्यात अन्न पडते, सबब जोडे बाहेर, एवढीच बाईंची अट. ढाणकीचा संघ बुटांसहित आला, त्यालाही अनवाणी खेळवले. मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मधली मेढ हाच दोन्ही संघांचा गोल असल्याने त्या सामन्याचा निकाल अद्याप प्रलंबित आहे.

२. खळे बाईंच्या वहिवाटीचे, पण जागा सरकारी, म्हणून ती मंडळाच्या नावे व्हावी असा अर्ज मी लिहिला. त्यात "जागा पडीक असून कोणाच्याही उपयोगाची नाही" असे घातले. असे वाक्य नसले तर अर्ज अर्जासारखा वाटत नाही. आपले निरीक्षक वैशाखात आले, खळे रिकामे होते, त्यांना पटले. मंजुरीचा गूळ तांड्यात रामीबाईंनीच वाटला. मीही खाल्ला.

३. आता ज्वारी कापून आली आहे आणि फलकावर "खेळाव्यतिरिक्त वापरास मनाई" असे आहे. आपण नेमलेला चौकीदार पूनमसिंग हा बाईंचा सख्खा पुतण्या. तो हात जोडून आडवा उभा राहतो. बाई म्हणाल्या, "हात कायले जोडतं रे? बाजूले सरक." तो सरकत नाही, नोकरी पहिलीच आहे. बाईंचे वर्षाचे खाणे कणसांत आहे, कणसे कुंपणाबाहेर आहेत, चिमण्या खात आहेत. काल बाईंनी मला गाठले. "धरम्या, तू शिकेल पोरगा. चिमण्याइले अर्ज कर. लिहिजो का जवारी पडीक नाही." तेव्हापासून मी मागच्या वाटेने ये-जा करतो.

४. मंजुरी मागे घेण्याची तरतूद नाही, असे आपल्या कार्यालयात तोंडी कळले. सबब रामीबाईंस मंडळाच्या कर्णधार व त्यांच्या चार बैलांस नोंदणीकृत खेळाडू म्हणून मान्यता द्यावी. मेढीभोवतीच्या त्यांच्या फेऱ्या हा अधिकृत सामना समजावा. विरुद्ध बाजूने आम्ही उतरू व हरू.

५. कालपासून आभाळ भरले आहे. तरी सदर सामना आटोपेपर्यंत पाऊस पुढे ढकलण्यात यावा व तसे संबंधितांस लेखी कळविण्यात यावे.

आपला, पण त्याआधी रामीबाईंचा, अपराधी,
धरमसिंग आडे
चिटणीस, काळीपाटी रग्बी मंडळ