करंगळीवरची शाई

ताई,

सांडपाण्याच्या नमुन्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि तो नमुना निघाला तुमच्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतला! मला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. तरी राहवेना, म्हणून दुपारी तुझ्या घरी आले. तू ऑफिसात होतीस. चिमीची करंगळी धरून म्हटलं, "आमची भाची शहाणी! थेंब घेतले, शाई लावून घेतली."

ती हसली. "मावशी, शाई आईनंच लावली. थेंब नाही दिले. आईला भीती वाटते, मला काही होईल म्हणून."

अगं, थेंब नाकारणाऱ्या घरात पोलिस घेऊन जायचा नियम आरोग्य खात्यात तूच केलास ना? गेल्या मोहिमेत मी थेंब पाजायला गेले, तर एका बाईनं दार अडवून विचारलं, "तुमच्या मोठ्या मॅडम स्वतःच्या पोरीला देतात का?" मी छाती ठोकून सांगितलं, "तिच्या बोटावरची शाई या डोळ्यांनी पाहिलीय." तरी ती हटेना, मग पोलिसांनी तिला बाजूला केलं. तिचं लेकरू माझ्या मांडीवर हमसून हमसून रडत होतं.

उद्या तुमच्या वसाहतीत घरोघरी तपासणी आहे आणि तुझा मजला माझ्याकडे आलाय. हे पत्र मात्र तुला देता येणार नाही. तपासणीचं घरच्यांना आधी कळवायचं नाही, हेही तूच लिहून ठेवलंयस.

ताई, बेल वाजली की दार उघडशील ना गं?

तुझंच,
शेंडेफळ