फाटकावरची लाल झेंडी

बाबा,

तुमची लाल झेंडी आज मी दुसऱ्याच्या हाती दिली. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, आणि न विचारता तुमची वस्तू हलवली की काय होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

ज्या छोट्या रेल्वेलाईनचं फाटक तुम्ही जन्मभर सांभाळलंत, ती बंद पडली, रूळ उचलून नेले, हे तुम्ही गेल्यानंतरचं. काही वर्षं तिथे नुसतं तरोट्याचं रान माजलं होतं. आता त्याच भरावावर सायकलींसाठी सपाट वाट केली आहे. चढ नाही, उतार नाही. तुमच्या छोट्या गाडीला चढ झेपत नव्हता आणि माझ्या गुडघ्यांनाही झेपत नाही, त्यामुळे वाट जणू माझ्यासाठीच आखलेली. रोज सकाळी निघते. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि मधून मी, निवृत्त मुख्याध्यापिका, डोक्यावर हेल्मेट. तुम्ही पाहिलं असतं तर तोंड फिरवून हसला असता. पहिल्या दिवशी तर पडलेच. लहानपणी रुळांच्या मधे पाय ठेवला की तुमची हाक यायची. ती अंगात इतकी मुरलेली, की वाट एवढी रुंद असून मी कडेकडेने चालवत होते. चाक घसरलं ते सरळ खालच्या बांधीतल्या चिखलात. तिथे रोवणा चालू होता, बाया वाकून धानाची रोपं लावत होत्या. त्या कंबर सरळ करून बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "काय वो मॅडम, रोवाले आल्या का? मंग सायकल काहून आणली?" मी चिखलातूनच सांगितलं, हसू नका, हात द्या. हात दिला, हसणं काही थांबवलं नाही.

भांडण झालं ते तुमच्या फाटकाच्या जागी. तिथे आता ना फाटक, ना तुमची खोली, पण गावातून शेतात जायचा रस्ता तिथूनच वाट ओलांडतो. रविवारी शहरातून सायकलवाल्यांचं टोळकं येतं, घंट्या वाजवत सुसाट जातं, आणि डोक्यावर पऱ्ह्यांच्या, रोवायच्या रोपांच्या पेंढ्या घेतलेल्या बाया कडेला ताटकळतात. गेल्या रविवारी एकीला धक्का लागून ती पडली, पेंढी नालीत गेली. म्हातारीने सांगून टाकलं, पुढच्या रविवारी या वाटेवर बाभळीच्या काट्या पडतील. ती बोलेल ते करणारी आहे. म्हणजे वाट बंद, आणि माझी सकाळही. बायांची बाजू खरी होती. तरी मला काळजी लागली ती माझ्या सकाळची.

मग कॉलेजचा तो दिवस आठवला. मला बस गाठायची आहे आणि तुम्ही फाटक लावून उभे आहात. गाडीचा धूरही दिसत नाही. मागे काकांची बैलगाडी खोळंबली आहे, तेही कुरकुरताहेत. मी म्हणते, बाबा, मला तरी खालून जाऊ द्या. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "घाई तुले आहे पोरी, गाडीले नाही." सगळे हसतात. गाडी येते, जाते, तोवर माझी बस गेलेली असते. त्या संध्याकाळी तुम्ही अड्याळच्या बाजारातून भजी आणलीत आणि माझ्यासमोर ठेवून निघून गेलात. समजूत काढायची तुमची तेवढीच रीत.

आज रविवार. ट्रंकेतली झेंडी घेतली आणि टोळकं यायच्या आधीच फाटकाच्या जागी जाऊन उभी राहिले. ते दिसताच झेंडी आडवी धरली. सगळे थांबले. लाल रंग अजून काम करतो, बाबा. पुढचा मुलगा घड्याळ बघत म्हणाला की मॅडम, इथून आता ट्रेन येत नाही. शाळेत मी जन्मभर मुलांच्या तोंडून जी बोली खोडून काढली, तीच माझ्या तोंडून निघाली, "रोवण्याले घाई आहे, तुले नाही." त्याने सायकलवरून उतरून पाय टेकले. बाया ओलांडून गेल्या. म्हातारी सगळ्यात शेवटी, आणि मुद्दाम हळू.

पलीकडे पोचून ती परत आली आणि हात पुढे केला. "आणा ते इकडं. उद्या तुमीच सायकलवर असान, मंग थांबवन कोन?" मी विचारलं, काट्यांचं काय? "झेंडी असल्यावर काट्या कायले लागते?"

तुम्ही जन्मभर लाईनसाठी गाव थांबवलंत. आता गावासाठी लाईन थांबते. तुम्ही आधी म्हणाला असता, नियमात बसत नाही. मग तिथेच उभे राहून शेवटची बाई जाईपर्यंत बघत राहिला असता.

तर नोंद अशी: लाल झेंडी एक, काठीसकट, एका कोपऱ्याला आईने घातलेलं ठिगळ जसंच्या तसं, फाटकाच्या जागी रोवणाऱ्या बायांच्या म्हातारीच्या हाती दिली. तिने हिरवीही मागितली होती. सापडत नाही म्हणून सांगितलं. ती हिरवी झेंडी या कागदाखालीच आहे, आणि कागदासकट ट्रंकेत परत जाईल.