आबासाहेबांच्या गौरवग्रंथातली कापलेली दोन पानं

४ सप्टेंबर
स्टाफरूममध्ये विभागप्रमुखांनी (वि.प्र.) जाहीर केलं. आबासाहेबांची (आ.सा.) एकसष्टी डिसेंबरात, गौरवग्रंथ निघणार, प्रत्येकानं लेख द्यायचा. मग माझ्याकडं वळून, "तुमची पीएचडी अमेरिकेवर ना? मग तिथले जुने कारखानदार आणि आपले आबासाहेब, असं काहीतरी लिहा. हात जरा सैल सोडून."
कॉलेज आ.सा.चं, बिडकीनचा कारखाना आ.सा.चा, आणि नऊ वर्षं तासिका तत्त्वावर लोंबकळत असलेला मीही त्यांचाच. नाही म्हणायची सोय नाही. डोकं फिरलं नुसतं. घरी पुंडलिकनगरपर्यंत चालत आलो, तरी उतरलं नाही.

७ सप्टें., रविवार
आक्काकडं बिडकीनला. दाजी आ.सा.च्याच कारखान्यात प्रेसवर, अकरा वर्षं, ठेकेदारामार्फत. डाव्या हाताचं बोट अर्धं त्याच प्रेसखाली गेलं, तेव्हा आ.सा.नी शाल पाठवली होती. शाल! आक्कानं ती शिलाई मशीनवर झाकायला घेतलीय. तेवढाच तिचा उपयोग.
दाजी कायम करा म्हणून सह्या गोळा करतायत. कागद पत्र्याच्या डब्यात, डाळीखाली. आक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "आधी आपल्या बापूला कायम होऊ दे, मग तुमचं बघा." दाजी हसले. मला हसू आलं नाही.
खोल्या दोनच, पण स्वतःच्या. दाराशी मशीन, अर्ध्या गल्लीचे ब्लाउज तिच्याकडं.

१९ सप्टें.
लेख झाला. नऊ पानं. खोटी स्तुती एका ओळीची नाही. एकोणिसावं शतक सरत आलं तेव्हाचा, शिकागोजवळचा तो रेल्वेचे डबे बनवणारा मालक घेतला. कामगारांसाठी त्यानं अख्खं गाव वसवलं. विटांची घरं, नळ, बाग, वाचनालय. आणि सगळं त्याचंच. चर्चसुद्धा त्याचंच, देवाच्या घराचंही भाडं ह्याला. घरं नीट ठेवलीत का हे बघायला ह्याची माणसं आत शिरणार. मालकाविरुद्ध ब्र काढला तर बिऱ्हाड रस्त्यावर. असली माणसं त्या काळात तिथं देवमाणूस म्हणून मिरवायची. आपल्याकडं अजून मिरवतात.
सात पानं थंड डोक्यानं, नुसतं वर्णन. दणका शेवटच्या दोन पानांत. मंदी आली, मजुरी कापली, भाडं तेवढंच ठेवलं, घरात पोरं उपाशी. मग संप, जागोजागी गाड्या बंद, सैन्य, गोळ्या. खाली एक वाक्य: हे वाचून आपल्या गावातलं कुणी आठवलं तर तो योगायोग समजू नये.
लई दिवसांनी हात शिवशिवले लिहिताना. नोकरी जाईल. जाऊ दे.

२१ सप्टें.
रफिक सरांना (उर्दूचे, कायम, म्हणून बिनधास्त) लेख दाखवला. उभ्या उभ्या वाचला. "नौकरी जाती मियाँ तुम्हारी." मग चष्मा पुसत, "नै जाती. गौरवग्रंथ पढता कौन है? फोटो देखते लोगां."
वि.प्र.च्या टेबलावर ठेवून आलो. त्यांनी पानं मोजली, वाचलं काहीच नाही.

१४ डिसें.
सत्कार. मंडप, फेटे, हारांचा ढीग. मी मागच्या खुर्चीत, आता काय होतंय ते बघत. आत कुठंतरी मजा वाटत होती.
आ.सा. माईकवर आले. हातात ग्रंथ, बोट घातलेलं. "आमच्या एका प्राध्यापकांनी माझे डोळे उघडले." माझं नाव घेतलं. म्हणलं, संपलं. "सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसानं कामगारांसाठी गाव बांधलं. मग आपल्या बिडकीनला का नको? आज घोषणा करतो. कामगारनगरी." टाळ्या. मला उभं केलं, शाल घातली. मी मान लववली. कशाला लववली, देव जाणे.
ग्रंथ उघडला. माझी सात पानं आहेत. आठव्या-नवव्याच्या जागी एका बिल्डरची जाहिरात, हात जोडलेला फोटो, हार्दिक शुभेच्छा. वि.प्र. म्हणाले, "जाहिराती वाढल्या हो शेवटी. तुमचा शेवट जरा लांबलाच होता."
वि.प्र.नं घाबरून कापला असता तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं वाचलाच नाही. आणि मी इतिहासाचा डॉक्टर, जन्म गेला ह्या कॉलेजात, तरी गौरवग्रंथात मुद्दा शेवटी ठेवला. गाढव.

९ जानेवारी
बंगल्यावर बोलावणं. चहा, चिवडा. आ.सा.नी माझ्या लेखात पेनानं रेघा मारल्यात. गड्यानं खरंच वाचलाय, सगळ्यात जास्त ह्यानंच वाचलाय. "घरं तपासायची पद्धत आवडली आपल्याला. दर शनिवारी. शिस्त लागते." मग, "अजून काय काय होतं हो तिथं?"
हीच वेळ होती. संप होता, सैन्य होतं, एवढं तर म्हणायचं होतं.
मी म्हणालो, "वाचनालय होतं."
"घ्या, वाचनालय घ्या," असं शेजारच्या माणसाला म्हणाले. शेजारचा माणूस म्हणजे तोच बिल्डर.
रिक्षात बसल्यावर स्वतःचीच किळस आली.

२ मे
नगरीची पहिली रांग उभी राहिली. कारखान्याच्या भिंतीला लागून, चोवीस घरं. दाजींना घर लागलं. तिथं राहायला येईल तो कायम. अट एकच, सह्यांच्या कागदावरून नाव काढायचं. दाजींनी काढलं. डबा रिकामा केला म्हणाले.
नोकरी सुटली की घर सुटलं, हे कलम मी वाचलंय. माझ्याच तिसऱ्या पानावरून उचललंय, शब्द बदलायचेही कष्ट नाहीत.

६ मे
आक्का पेढे घेऊन दारात. "तुझ्यामुळं घर मिळालं बापू. घरात नळ हाय, फरशी हाय. गल्लीत समद्यांना सांगितलं, माझ्या भावानं पुस्तकात लिवलं म्हणून." पेढा माझ्या तोंडात कोंबला. थुंकावासा वाटला, गिळला.
बिडकीनच्या जुन्या दोन खोल्या विकायच्या म्हणते. घेणारा कोण? बिल्डर. "सोमवारी खरेदीखत हाय. साक्षीला तू ये. तुझ्यासारखा शिकलेला कोण हाय आमच्यात?"
मी सांगायला तोंड उघडलं. "तिथं शिलाई मशीन चालू देतील का, विचारलंस का?" एवढंच निघालं. म्हणाली, "न द्यायला काय झालं?"
नगरीचा नियम सहा: घरात धंदा करता येणार नाही.

८ मे
माझीही ऑर्डर आली. कायम. सोबत दुसरा कागद, नगरी समितीचा सचिव म्हणून नियमावलीवर सही करायची. दोन्ही कागद एकाच पाकिटात. सोमवारी संध्याकाळपर्यंत परत द्या.
रफिक सर म्हणाले, "ले लो. बच्चे पालने है ना?" म्हणलं, हौ. त्यांच्यावर चिडलो, मग कळलं त्यांच्यावर चिडण्यासारखं काही नाही.

९ मे, शनिवार
दुपारी बिडकीनला गेलो. कापलेली दोन पानं आणि नियम सहाचा कागद आक्काच्या मशीनवर ठेवला. "वाच."
सातवीपर्यंत शिकलीय. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचली. दाजी दारात पाठ करून बसलेले. अर्धा तास लागला तिला. गाळलं काहीच नाही. माझा लेख शेवटपर्यंत वाचणारे दोनच, रफिक सर आणि ही.
मग नियम वाचला. मशीनवरची शाल सरळ केली. "हे तुला पयल्यापासून ठावं होतं?"
"व्हय."
"आन् पेढा खाल्लास."
पानं परत हातात घेऊन तिनं विचारलं, "मग त्या बाया कुठं गेल्या? संप झाल्यावर? पोरांना घिऊन तिथंच राहिल्या का सोडलं घर?"
मला माहीत नाही. पाच वर्षं पीएचडी केली, नऊ वर्षं शिकवलं. मालकाचं माहिती आहे, पुढाऱ्यांचं माहिती आहे. त्या बायांचं कधी शोधलंच नाही. तसं सांगितलं.
"एवढा शिकलास आन् हेच नाय बघितलं," म्हणाली. रागानं नाही. त्यामुळं जास्त लागलं.
दाजी पाठमोरेच बोलले, "हे विकून तिथलं घर नाय घेतलं तर सोमवारनंतर कारखान्याचं गेट बंद हाय मला."
मी निघालो. पानं तिनं ठेवून घेतली.

११ मे, सोमवार
रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर बसून लिहितोय. आक्का आलीय. मांडीवर पिशवी, पिशवीत घराचे कागद. माझी दोन पानंही त्यातच घालून आणलीत, टोकं दिसतायत. दाजी खिडकीपाशी, अर्धं बोट खिशात घालून. बिल्डरचा माणूस सगळ्यांना चहा देतोय. मी घेतला नाही. आज एवढं तरी.
माझ्या खिशात पाकीट, बिनसहीचं.
आक्कानं मघाशी हळूच विचारलं, "बापू, तू सांग. करू का सही?"
ती माझ्याकडंच बघतेय. आमच्या आधी एकच नंबर आहे.