पेढ्याची आजी

प्रिय जान्हवी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यात येऊन पेढ्याला कॅनडाला नेणार, हे कळलं. अशा केसाळ कुत्र्याला मुंबईचा उकाडा सोसत नाही, तिकडे थंडीत तो सुखी राहील, हेही ऐकलं. मी काही हटून बसणारी बाई नाही. इथली खबर तेवढी कळवते.

मरोळला कुत्र्यांसाठी बाग झालीय. आत गेलं की पट्टा सोडायचा. आम्ही ऊन उतरल्यावरच जातो. त्याला गाडीतून उतरवायच्या आधी मी चप्पल काढून फरशीवर स्वतःचा पाय टेकवून बघते. मला चटका बसला, तर त्याला कसं चालवणार? लोक हसतात, हसू देत. तिथे माणसांना नावं नसतात गं. कुणी सिंबाची मम्मी, कुणी रॉकीचे पप्पा. मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं, मी पेढ्याची आजी, याची आई परदेशात असते. कुत्रं तुझं, माझ्या गळ्यात मारून तू गेलीस, मी कशाला उगाच आई होऊ?

पण या शहाण्याचा पट्टा सोडला तरी हा पळेचना. बाकीची कुत्री धुडगूस घालतायत आणि हा माझ्या पावलांवर बूड टेकून बसलेला. आधीच घामाच्या धारा, त्यात हे लोढणं. वैताग नुसता. शेवटी सिंबाची मम्मी म्हणाली, काकी, त्याला वाटतं आपण लांब गेलो की तुम्ही निघून जाल. तू गेल्यावर तो दारातून हलत नव्हता, जेवत नव्हता, हे तुला मी सांगितलंच नव्हतं. मीही धड जेवत नव्हते.

काल तो पळाला. पाण्याच्या टबात लोळला, मातीत लोळला, पार कुंपणापर्यंत गेला. कुणीतरी नवीन माणसाने विचारलं, हा कुणाचा? माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा. मी त्याची आई." आवाज ऐकून तो धावत आला आणि माझा ड्रेस चिखलाने भरवला. जानू, उकाड्याचं आम्ही बघून घेऊ. रिकामं घर मला पुन्हा सोसणार नाही. तू ये, राहा, पोटभर आंबे खा. जाताना त्याला नेऊ नकोस.

तुझीच, आणि आता त्याचीही,
आई